ज्वारीची काणी आणि गंधकाची रीत

ज्वारीच्या कणसात दाणा भरायच्या जागी राखट पडद्याची, टोकाला निमुळती पुटकुळी धरते आणि ती चिरडली की आतून काळी भुकटी सांडते, त्या रोगाला काणी म्हणतात. भुकटीचा कण न् कण हा एका बुरशीचा बीजाणू असतो. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत ज्वारी हे शतकानुशतके मुख्य अन्न आणि मुख्य वैरण होते, त्यामुळे काणी हा इथला पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा रोग. पेरणीपूर्वी बियाण्याला गंधक चोळण्याची रीत मात्र त्या मानाने अलीकडची, विसाव्या शतकातली. ही बुरशी आयुष्याचा काही काळ यीस्टसारखी, म्हणजे सुट्या पेशींनी मुकुल फोडत वाढते आणि उरलेला काळ एकाच पेशीत दोन केंद्रके सांभाळत जगते. गंधकाची चिमूट कशी आणि कोणत्या क्षणी लागू पडते, ते या दोन अवस्थांमधल्या सांध्याकडे पाहिल्यावरच कळते.

आजचा लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून (आताच्या धाराशिवमधून) वेगळा निघाला. त्याआधीचा इतिहास आणखी तुकड्यांचा आहे. निजामाच्या राज्यात लातूर तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात होता, तर उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. नांदेड हा त्याच राज्याचा स्वतंत्र जिल्हा. किनवट त्यात आले ते १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत, आदिलाबादकडून. कारभाराच्या रेषा अशा सरकत राहिल्या तरी काळ्या जमिनीतले पीक फारसे बदलले नाही. नांदेडकडे पाऊस जास्त, म्हणून कापसाच्या जोडीने खरिपाची ज्वारी. लातूर-औसा भागात खरिपाबरोबर रब्बीची. धान्य पेवात उतरायचे, कडब्याच्या गंजी लागायच्या आणि पुढच्या पेऱ्याचे बी घरच्याच कणसांतून निघायचे. या शेवटच्या गोष्टीचा काणीशी फार जवळचा संबंध आहे.

ज्वारीवर काणीचे चार प्रकार पडतात आणि शेतकऱ्याच्या नजरेला ते वेगळे ओळखू येतात. दाणे काणीत झाडाची उंची, पाने, कणसाचा आकार सगळे जवळपास निरोगी झाडासारखे असते. फक्त दाण्यांच्या जागी पुटकुळ्या येतात, कधी सगळ्या कणसात तर कधी काही भागात. त्यांचा पडदा चिवट असतो, तो बहुधा मळणीपर्यंत टिकतो. मोकळ्या काणीत, जिला काजळी असेही नाव आहे, झाड खुजे राहते, ताटे बारीक होतात, फुटवे जास्त येतात आणि कणीस निरोगी झाडाच्या आधी बाहेर पडते. पडदा लवकर फाटून भुकटी शेतातच उडते. झिपरी काणीत दाणे नव्हे तर सगळे कणीसच एका मोठ्या पांढुरक्या पिशवीत बदलते. ती फाटल्यावर काळ्या भुकटीत गुंतलेले तंतू झिपऱ्यांसारखे लोंबतात. लांब काणीत कणसातले तुरळक दाणे लांबट, किंचित वाकड्या नळ्यांसारखे होतात. चारही बुरश्या एकाच कुळातल्या आहेत, पण त्यांचे रस्ते निराळे. दाणे काणी आणि मोकळी काणी मुख्यत्वे बियाण्याला चिकटून येतात, झिपरी काणी जमिनीतून येते आणि लांब काणीचे बीजाणू वाऱ्यावरून फुलोऱ्यात उतरतात. बियाण्याला काही चोळून पहिल्या दोन आवरता येतात, उरलेल्या दोन येत नाहीत. हे भान सुटले की गंधकावर नसता ठपका येतो, आणि तसा तो अनेकदा आलेला आहे.

दाणे काणीचा प्रसार माणसाच्या हातून होतो. कणसे मोडून खळ्यावर आली, बैलांच्या पायांखाली मळणी झाली की पुटकुळ्या फुटायच्या आणि त्यांतली भुकटी निरोगी दाण्यांवर बसायची. एका पुटकुळीत बीजाणूंची संख्या लाखांच्या घरात असते. त्यामुळे दोन-चार रोगट कणसेसुद्धा सगळ्या राशीला पुरून उरत. बीजाणू कोरडे राहिले तर कित्येक वर्षे जिवंत राहतात. भाकरीच्या दाण्याला याने मोठा धोका नाही. पीठ थोडे काळपट होते इतकेच. बियाण्याच्या दाण्याचे तसे नाही. ज्या घरात बियाण्याची कणसे उभ्या पिकातून हाताने निवडून वेगळी झोडपली जात, तिथे काणी आपोआप कमी राही; ज्या घरात सरसकट राशीतून बी काढले जाई, तिथे ती वाढत जाई. बुरशीचे नाव कुणाला ठाऊक नसतानाही ही निवड एक प्रकारची रोगप्रतिबंधक रीतच होती, आणि ती बऱ्याच अंशी बायकांच्या हाती होती. कृषी खात्यांच्या इतिहासात तिची नोंद फारशी सापडत नाही, हा त्या इतिहासाचा दोष म्हणायला हवा.

काणी ही बियाण्यावरच्या भुकटीतून पसरते, हे शास्त्राच्या कसोटीवर प्रथम ठरले ते गव्हाबाबत. फ्रान्समध्ये मातिये तिये याने १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निरोगी बियाण्याला काळी भुकटी मुद्दाम चोळून रोग वाढतो हे दाखवले, पण त्या भुकटीला तो एक विष समजत होता. ती भुकटी सजीव आहे, पाण्यात रुजते, हे १८०७ मध्ये बेनेदिक्त प्रेव्हो याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तांब्याच्या संपर्कात आलेल्या पाण्यात बीजाणू रुजत नाहीत, हेही त्याच्याच लक्षात आले, आणि मोरचुदाच्या द्रावणात बी भिजवण्याचा उपाय तिथून निघाला. जंतूंमुळे रोग होतो ही कल्पना पाश्चरने रुजवण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तिची त्या काळी फारशी दखल घेतली गेली नाही.

यीस्टचा धागा या कथेत १८८० च्या दशकात येतो. जर्मन शास्त्रज्ञ ऑस्कर ब्रेफेल्ड याने काणीचे बीजाणू पोषक द्रावात वाढवले. यजमान पिकाचा मागमूस नसतानाही ते रुजले, आणि रुजून जे झाले ते बुरशीच्या धाग्यासारखे नव्हते. लहान लांबट पेशी, त्यांना फुटणारे मुकुल, त्या मुकुलांना पुन्हा मुकुल, असे हुबेहूब यीस्टसारखे ते दृश्य होते. ब्रेफेल्ड यावरून पुढे धावला आणि यीस्ट म्हणजे इतर बुरश्यांचीच एक अवस्था असावी असे मानू लागला. ते मत टिकले नाही. पावाचे आणि दारूचे यीस्ट हा स्वतंत्र जीव ठरला. काणीच्या बुरशीला यीस्टसारखी अवस्था असते, हे निरीक्षण मात्र पक्के होते. पुढच्याच दशकात फ्रान्सच्या पिएर दांजार याने काणीच्या कोवळ्या बीजाणूंत दोन-दोन केंद्रके पाहिली आणि बीजाणू पिकताना ती एकमेकांत विलीन होतात हे दाखवले.

बियाण्यावरचा पिकलेला बीजाणू एका केंद्रकाचा असतो, पण त्या केंद्रकात गुणसूत्रांचे दोन संच असतात, कारण ते दोघांच्या मीलनातून झालेले आहे. पेरणीनंतर जमिनीची ओल मिळाली की बीजाणूतून एक आखूड नळी निघते. तिच्यात केंद्रकाचे अर्धसूत्री विभाजन होते आणि साधारणपणे चार पेशी तयार होतात, प्रत्येकीत एकच संच. या पेशींना बाजूने आणि टोकाला मुकुल फुटतात आणि सुटे होतात. हीच ती यीस्टसारखी अवस्था. एक केंद्रक असलेली पेशी कशी विभागते, हे काणीच्या मक्यावरच्या भावंडात बारकाईने तपासले गेले आहे. पावाच्या यीस्टमध्ये केंद्रक माता आणि मुकुल यांच्यामधल्या मानेशी येऊन विभागते आणि विभाजनभर त्याचे आवरण शाबूत राहते. मक्याच्या काणीत केंद्रक मुकुलाकडे सरकते, आवरण मागे सुटते आणि विभाजन मुकुलात होऊन एक केंद्रक मातेकडे परतते. दिसायला दोन्ही यीस्ट, पण आतली चाल वेगळी.

अशा एककेंद्रकी पेशी पीक पोखरू शकत नाहीत. रोग लावण्यासाठी दोन भिन्न मीलनप्रकारांच्या पेशींनी एकत्र यावे लागते. त्या एकमेकींना ओळखतात, नळ्या काढून जोडल्या जातात आणि पेशीद्रव्य एक होते. इथे पावाचे यीस्ट आणि काणी यांच्या वाटा फुटतात. पावाच्या यीस्टमध्ये पेशी जोडल्या की थोड्याच वेळात केंद्रकेही विलीन होतात; दोन केंद्रकांची पेशी ही तिथे क्षणिक स्थिती. १९७६ मध्ये कोंदे आणि फिंक यांनी अशा यीस्टचे एक उत्परिवर्तन वर्णन केले, ज्यात केंद्रकांचे विलीनीकरणच अडते. त्या दोन केंद्रकांच्या पेशीला मुकुल फुटतात तेव्हा मुकुलात बहुतेक वेळा एकच केंद्रक जाते, या पालकाचे किंवा त्या पालकाचे, आणि जोडी मोडते. जोडी पिढ्यान्‌पिढ्या टिकवण्याची यंत्रणा त्या जीवाकडे नाही, कारण त्याला तिची गरजच नाही.

काणीला ती गरज आहे. जोडलेल्या पेशीतून यीस्टचा आकार टाकून एक बारीक धागा निघतो. त्याच्या टोकाच्या पेशीत दोन्ही केंद्रके शेजारी-शेजारी असतात, मागचा भाग रिकामा पडत जातो आणि मधे आडपडदे येत जातात. मक्याच्या काणीत असे दिसून आले आहे की धागा झाडात शिरेपर्यंत केंद्रकांचे विभाजन थांबलेले असते. आत शिरल्यावर ते पुन्हा सुरू होते. त्या वेळी प्रश्न असा की एकाच पेशीतली दोन वेगळी केंद्रके विभागून चार झाली, तर प्रत्येक नव्या पेशीला दोन्ही प्रकारचे एकेक केंद्रक मिळेल याची खात्री काय? दोन्ही एकाच रांगेत विभागली तर एकाच प्रकारची दोन एकीकडे जाण्याचा धोका राहतो. बुरशी यासाठी धाग्याच्या बगलेला एक छोटा फुगवटा काढते. एक केंद्रक त्यात शिरते, दुसरे मुख्य धाग्यात राहते आणि दोघे एकाच वेळी विभागतात. आतल्या विभाजनातून एक केंद्रक टोकाकडे जाते, दुसरे मागे राहते. फुगवट्यातल्या विभाजनातूनही एक टोकाकडे परतते आणि दुसरे फुगवट्यातच थांबते. मग आडपडदे पडतात, फुगवटा मागच्या पेशीला जाऊन मिळतो आणि आपले केंद्रक तिच्या हवाली करतो. दोन पेशी, दोन्हींत दोन्ही प्रकार. अळिंबीच्या कुळातल्या बुरश्यांमध्ये ही बगलेची गाठ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दिसत होती. तिचे काम उलगडले ते पहिल्या महायुद्धाच्या काळात, जर्मनीत हान्स क्नीप आणि फ्रान्समध्ये माथिल्द बेन्सौद यांनी स्वतंत्रपणे केलेल्या अभ्यासातून. काणीतली गाठ अळिंबीइतकी ठसठशीत नसते आणि रेण्वीय पातळीवर ती समजायला एकविसावे शतक उजाडावे लागले. मक्याच्या काणीचा संपूर्ण जनुकसंच २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच बुरशीवर काम करणाऱ्या रॉबिन हॉलिडे यांनी १९६४ मध्ये डीएनएच्या देवाणघेवाणीची जी कल्पना मांडली, ती आज जीवशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे.

ज्वारीत हा धागा कोंब जमिनीच्या वर येण्याआधीच त्यात शिरतो आणि वाढीच्या टोकाच्या मागोमाग चढत जातो. महिनोन्‌महिने बाहेर काहीच दिसत नाही. पोटरीतून कणीस निसवले की धागे दाण्याच्या जागी गोळा होतात, त्यांचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्यातली दोन केंद्रके अखेर विलीन होतात आणि जाड भिंतीचा काळा बीजाणू तयार होतो. तेव्हा शेतकऱ्याला रोग दिसतो, आणि तेव्हा करण्यासारखे काही उरलेले नसते. उपाय लागू पडतो तो फक्त बी रुजण्याच्या त्या काही दिवसांत, बीजाणू नळी काढत असताना आणि यीस्टसारख्या उघड्या पेशी जोडीदार शोधत असताना. एकदा दोन केंद्रकांचा धागा कोंबात शिरला की बियाण्याच्या सालीवरचे औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही.

भारतात या साऱ्याचा ज्वारीशी मेळ घातला गेला तो १९१८ च्या आसपास. त्या वर्षी एडविन बटलर यांचा वनस्पतींच्या बुरशीजन्य रोगांवरचा मोठा ग्रंथ निघाला, आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातील जी. एस. कुलकर्णी यांची इलाख्यातल्या ज्वारीच्या काण्यांवरची पुस्तिका पुसा येथील संशोधन संस्थेने छापली. चारही काण्या कशा ओळखाव्यात, कोणती कुठून येते आणि कोणत्या काणीवर बीजप्रक्रिया चालते, हा फरक त्यातून स्पष्ट झाला. निजाम सरकारने परभणीला मुख्य प्रायोगिक शेत सुरू केले तेही १९१८ मध्येच. नांदेड आणि लातूरच्या पट्ट्यासाठी शेती संशोधनाचे जवळचे ठिकाण पुढे तेच राहिले.

त्या काळचा शिफारशीतला उपाय मोरचुदाचा होता. मोरचूद पाण्यात विरघळवायचे, बी काही मिनिटे बुडवायचे, उपसून सावलीत सुकवायचे आणि पेरायचे. कागदावर हे सोपे आहे. मृगाच्या पावसावर पेरा साधायची घाई असताना, घरात तिफण तयार असताना ओले बी सुकवत बसणे वेगळे. द्रावण दाट झाले किंवा बी जास्त वेळ राहिले तर उगवण मार खाते, आणि ओले बी चाड्यातून नीट सुटत नाही. हा उपाय घराघरांत मुरला नाही यात नवल नाही. दोष शेतकऱ्याच्या अडाणीपणाला देण्याची तेव्हाच्या अहवालांची सवय मात्र अनाठायी होती.

ओल्या उपायाला कोरडा पर्याय शोधण्याची कल्पना ऑस्ट्रेलियातून आली. तिथे पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाच्या काणीवर कॉपर कार्बोनेटची कोरडी भुकटी वापरून पाहिली गेली. ज्वारीवर अशा निरनिराळ्या भुकट्यांची तुलना पुण्यात मुंबई सरकारचे वनस्पती रोगशास्त्रज्ञ बी. एन. उप्पल आणि त्यांचे सहकारी देसाई यांनी १९३० च्या सुमारास केली. त्यात बारीक गंधक सरस ठरले. ते स्वस्त होते, बियाण्याच्या उगवणीला धक्का लावत नव्हते, आधी चोळून ठेवले तरी चालत होते आणि लावायला पाणी, भांडे, सावली काहीच लागत नव्हते. गंधक बीजाणूच्या श्वसनात अडथळा आणते, त्यामुळे नळी निघतानाच तो निकामी होतो. भुकटी जितकी बारीक, तितकी ती दाण्याभोवती सारखी बसते. म्हणून शिफारशीत ३०० मेश गंधक असे आवर्जून लिहिलेले असते, म्हणजे एका इंचात ३०० छिद्रे असलेल्या चाळणीतून उतरणारे. प्रमाण किलोमागे ४ ग्रॅम. मडक्यात किंवा पोत्यात बी आणि भुकटी टाकून हलवायचे, की काम झाले. त्या पिढीत बीजप्रक्रियेचा दुसरा कोणताही उपाय इतका सुटसुटीत नव्हता.

हा उपाय पुण्यातून नांदेड-लातूरकडे येताना मधे राज्याची सीमा होती. पलीकडे मुंबई इलाखा आणि त्याची मराठी पत्रके. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, ज्याचा कारभार उर्दूत चाले आणि रयत मराठी, तेलुगू, कानडी बोले. कागदाची वाट अशी अडखळती असली तरी बाजाराची मोकळी होती. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत आली आणि लातूरचा अडतबाजार इलाख्यातल्या बार्शीशी जोडला गेला. बियाणेही सीमा ओलांडत होते. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात मालदांडी ज्वारीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण रब्बीच्या मराठवाड्यात इतका मुरला की आज कित्येकांना तो मूळचा इथलाच वाटतो. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि त्याच वर्षी परभणीला कृषी महाविद्यालय सुरू झाले. पुण्याच्या शिफारशी आणि परभणीची शेते एका खात्याखाली येण्याला असा उशीर लागला.

दरम्यान काणीच्या बुरश्यांची भारतातली सगळी माहिती एकत्र आणण्याचे काम भालचंद्र मुंदकुर यांनी केले. भारतीय वनस्पती रोगशास्त्र संस्था १९४७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. एम. जे. तिरुमलाचार यांच्याबरोबरचा त्यांचा भारतातल्या काणीवर्गीय बुरश्यांवरचा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिरुमलाचार पुढे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये आले आणि बुरशीनाशक औषधांच्या शोधात रमले.

गंधकाच्या रीतीला धक्का दिला तो रोगाने नव्हे, बियाण्याच्या व्यापाराने. ज्वारीचा पहिला भारतीय संकरित वाण सीएसएच-१ हा १९६४ मध्ये आला. त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्याला महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी संकरित ज्वारीचा हिरिरीने पुरस्कार केला आणि 'हायब्रीड' हा शब्द मराठवाड्यात ज्वारीचे नाव म्हणूनच रुळला.  १९७२ च्या मे महिन्यात परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ उभे राहिले. संकरित बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. त्यामुळे घरचे बी, घरची निवड आणि घरचे गंधक या तिन्हींची गरज एकदम सरली. प्रक्रिया आता बियाण्याच्या कारखान्यात होऊ लागली, सुरुवातीला पारायुक्त भुकट्यांनी आणि नंतर थायरमसारख्या औषधांनी. पिशवीतले रंगीत बी खायचे नाही, एवढेच शेतकऱ्याने लक्षात ठेवायचे. १९६६ चा बियाणे कायदा आणि १९७६ मध्ये स्थापन झालेले राज्य बियाणे महामंडळ, म्हणजे महाबीज, यांच्याबरोबर प्रमाणीकरणाची शिस्त आली. ज्वारीच्या बीजोत्पादन क्षेत्रात काणीग्रस्त कणसांची कमाल मर्यादा ठरवून दिलेली असते आणि ती ओलांडली तर क्षेत्र नापास होते. दाणे काणी मागे हटण्यात या शिस्तीचा वाटा मोठा आहे.

संकरित ज्वारीने दुसरे दुखणे आणले. ती लवकर पक्व होते, त्यामुळे दाणा भरण्याची वेळ परतीच्या पावसात सापडते आणि दाण्यांवर बुरशी चढते. नांदेडच्या खरिपात काळी पडलेली ज्वारी म्हणजे बहुधा ही बुरशी, काणी नव्हे. बाजारात दोघींना एकच 'काळी ज्वारी' म्हटले जाते आणि उपायांची गल्लत होते. २००७ नंतर राज्यात धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना सवलती देण्याचे धोरण आले, तेव्हा अशा काळ्या ज्वारीचे काय करायचे हा युक्तिवाद पुढे होता आणि त्यावर मोठा वाद झाला. तिथे कामाला येते ते पावाचे यीस्ट, एका केंद्रकाचे, निमूटपणे मुकुल फोडणारे.

१९९० च्या दशकापासून खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. लातूर सोयाबीनच्या खरेदी-विक्रीचे आणि तेल गिरण्यांचे मोठे केंद्र झाले. खरिपाची ज्वारी नांदेडच्या काही भागांत तगून राहिली. लातूरकडे मुख्यतः रब्बीची उरली, तीही कडब्यासाठी जास्त. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवच्या आणि नांदेडच्या काही भागातल्या शिवारांत कडब्याची कोपी होते, ज्वारीची आंबील होते, आणि ती ज्वारी पुष्कळदा बाजारातून आणावी लागते. रब्बीत मात्र मालदांडी आणि परभणी मोतीसारख्या सरळ वाणांचे घरचे बी अजूनही धरले जाते. म्हणूनच विद्यापीठाच्या रब्बी शिफारशींत ३०० मेश गंधकाची ओळ कायम आहे. जिथे बी घरचे आणि गंधक विसरलेले, तिथे दाणे काणी आजही दोन-तीन हंगामांत परत दिसू लागते.

काणीचा मुक्काम आता उसात वाढला आहे. मांजरा आणि गोदावरीच्या खोऱ्यांत साखर कारखान्यांबरोबर ऊस पसरला आणि त्याच्याबरोबर त्याच वंशातली चाबूक काणी आली. शेंड्यातून काळ्या भुकटीने माखलेला लांब, वळलेला चाबूक निघतो, आणि त्यातली बुरशीही रुजताना मुकुल फोडणारी व आत शिरताना दोन केंद्रकांची असते. इथे गंधक उपयोगाचे नाही, कारण उसाचे बेणे म्हणजे जिवंत कांडी असते आणि धागा डोळ्याच्या आत आधीच बसलेला असू शकतो. त्यामुळे पायाभूत बेण्याला ५४ अंश सेल्सिअसच्या उष्ण बाष्प हवेत अडीच तास ठेवतात, रोगट बेटे चाबूक फाटण्याआधी पोत्यात धरून मुळासकट काढतात आणि काणी जास्त असलेल्या फडाचा खोडवा ठेवत नाहीत.